किंमत रुपये एक फक्त

खंडेनवमीच्या आधीच्या बुधवारी, सकाळी सव्वाअकराला, एक जुनं लेथ मशीन त्रेचाळीस हजार दोनशे रुपयांना विकलं गेलं. वजन बाराशे किलो, भाव किलोला छत्तीस. हजर आम्ही तिघं: मालकांचा मुलगा, भंगारवाला आणि मी. ज्यांचं मशीन होतं ते हजर नव्हते. ते एका प्रदर्शनासाठी बंगळूरला गेले होते.

त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. अंबडच्या त्यांच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिले.

दादांसमोर कुठलीही वस्तू आली की ते आधी तिच्यावरून बोट फिरवायचे. उजव्या हाताची तर्जनी, डोळे अर्धे मिटलेले. तयार पार्ट, चहाचा कप, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, नातवाचं कपाळ, सगळ्यावरून. एखादा कामगार म्हणाला की गेजमध्ये माप बरोबर आहे, तर ते म्हणायचे, "गेज काय सांगायचं ते सांगेल. तू बोटाला विचार." उद्योजकांच्या कार्यक्रमात त्यांना सन्मानचिन्ह मिळालं, तेव्हा टाळ्या चालू असतानाच त्यांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि खाली येऊन माझ्या कानात सांगितलं, "भाऊसाहेब, कडेची धार मोडायची राहिलीय. पोराबाळांचा हात कापेल."

ते मूळचे सायखेड्याकडचे. सातपूरला दुसऱ्याच्या लेथवर टर्नर म्हणून लागले, मग पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि जुन्या बाजारातून ते लेथ आणलं. मी आलो तेव्हा मशीनं सहा होती. बुधवारच्या त्या व्यवहारापर्यंत त्या लेथखेरीज एकेचाळीस झाली होती, सगळी संगणकावर चालणारी, त्यांना ना बोट लागतं ना डोळे. गंगापूर रोडला बंगला झाला. धंद्यात यशस्वी माणूस म्हणून दाखवायचा तर मी त्यांच्याकडेच बोट केलं असतं.

पण तुम्ही त्यांना सुट्टीच्या दिवशी पाहायला हवं होतं.

आठवड्याच्या सुट्टीला कारखाना बंद असायचा. दादा एकटे यायचे, कपाटातला जुना निळा शर्ट घालायचे आणि कोपऱ्यातलं ते लेथ सुरू करायचे. लोखंडाचा एक गोल गज लावायचे आणि कापत बसायचे. चांदीसारखा कीस गोल गोल होऊन खाली पडायचा. थांबून बोट फिरवायचे, पुन्हा कापायचे. दोन तासांनी गज संपायचा. हातात काही नाही, खाली कीस.

एकदा मी महिनाअखेरीच्या कामासाठी सुट्टीला आलो होतो. विचारलं, "दादा, हे कशासाठी?"

"कशासाठी नाय, म्हणून तर," ते म्हणाले. "आठवडाभर सगळं कशासाठी तरी करतो, भाऊसाहेब. पार्टीसाठी, बँकेसाठी, पोरासाठी. हे एवढंच नुसतं हाय."

त्या नुसत्याचा खर्च मी काढला होता. गज आणि वीज मिळून आठवड्याला एकशे नव्वद रुपये. 'इतर' खात्यात टाकत असे.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली. बोलता बोलता गरम कीस त्यांच्या बोटावर येऊन पडला. कातडी भाजल्याचा वास मला आला, तरी दादा बोलतच होते. साखरेचा आजार जुना होता. मला वाटलं, गड्याची कातडी निबर आहे. वाटलं ते वाटलं, विचारलं नाही.

ज्यांना हिशेबाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनची किंमत दर वर्षी घसारा काढून वहीत कमी करत नेतात. शेवटी ती एक रुपयावर आणून ठेवतात. शून्य करत नाहीत, कारण वस्तू अजून आहे एवढं तरी वहीत दिसावं. दादांच्या लेथची किंमत मी कधीच एक रुपयावर आणली होती. दर मार्चला मी त्यांना सांगायचो की हे मशीन उत्पादन देत नाही आणि साठ चौरस फूट जागा अडवतं. ते हसायचे. नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे भाऊसाहेब. माझ्या लक्ष्मीला एक रुपया लावणारा माणूस."

मुलगा चांगला आहे, त्याच्यावर राग धरू नका. दसऱ्याच्या मुहूर्तावर बेचाळिसावं मशीन बसवून वडिलांना चकित करायचं त्याच्या मनात होतं, आणि जागा तेवढीच होती. त्याने मला विचारलं, "काका, याची पुस्तकी किंमत किती?"

"एक रुपया."

"मग त्यात विचारायचं काय," तो म्हणाला.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की वडिलांना फोन कर. म्हटलं नाही. आकडे माझ्या बाजूने होते. क्रेनने लेथ उचललं. मी पावती केली, वहीत नोंद केली: मशीन विक्रीवर नफा, त्रेचाळीस हजार एकशे नव्व्याण्णव.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनं पुसून त्यांची पूजा होते. दर वर्षी पहिला हार त्या लेथला, मग बाकीच्यांना. दादा रात्रीच्या विमानाने आले होते. हळदीकुंकवाचं ताट आणि झेंडूचा हार घेऊन ते सरळ कोपऱ्यात गेले.

तिथे तेलाचा काळा चौकोन होता आणि जमिनीतून वर आलेले चार बोल्ट.

मुलगा हसत पुढे येत होता, तो तिथेच थांबला. दादांनी हार सोडवला. एकेका बोल्टवर एकेक फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. कामगारांना वाटलं नव्या मशीनच्या जागेची पूजा आहे. तेही रांगेने पाया पडले. मग दादा माझ्याकडे वळले.

"कितीला गेलं?"

मी आकडा सांगितला.

"भाव चांगला आला," ते म्हणाले, आणि मुलाच्या हातावर पेढा ठेवला.

पूजा झाल्यावर दादा आणि मी भंगारवाल्याच्या शेडवर गेलो. भंगारवाला ओशाळला. मशीन गॅसने कापून भट्टीकडे रवाना झालं होतं. "दादा, मला काय माहीत," तो म्हणत राहिला. फक्त हातचाकं वेगळी काढून ठेवली होती, गिऱ्हाईक मिळतं म्हणून. हातचाक म्हणजे ज्याने मशीनचं हत्यार पुढेमागे सरकवतात ते. वेगवेगळ्या मशीनांची नऊ चाकं एका ढिगात पडली होती.

दादा चांगल्या पँटीनिशी जमिनीवर बसले. एक चाक मांडीवर घेतलं, डोळे मिटले, कडेवरून बोट फिरवलं. बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. नऊ झाली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी दाबून. मग डाव्या हाताचं बोट लावून पाहिलं. बत्तीस वर्षं जे चाक हातात होतं ते त्यांना सापडेना.

"बोट सांगत नाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. सुट्टीला येऊन बघत होतो, एखाद दिवशी सांगेल म्हणून."

मी आयुष्यात एक खोटी नोंद केलेली नाही. मी खाली वाकलो आणि हाताला आलं ते चाक उचललं. "हे आपलं, दादा. इथे टवका आहे बघा. मला आठवतोय."

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. भंगारवाला पैसे घेईना, सणाचा दिवस म्हणाला. दादांनी वजन करायला लावलं. चार किलो शंभर ग्रॅम, साठच्या भावाने दोनशे सेहेचाळीस. एवढ्या मोठ्या मालकाच्या खिशात नोट नव्हती. मी दिले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पाकीट घेऊन घरी आला. आत दोनशे सत्तेचाळीस रुपये. एक रुपया जास्त होता, म्हणून मी तो परत करायला बंगल्यावर गेलो. दादा गच्चीत बसले होते, चाक मांडीवर.

"तो तुमचाच," ते म्हणाले. "मशीनची किंमत तुम्हीच लावली होती ना." मग चाकाकडे बघत म्हणाले, "आमच्या चाकाला टवका नव्हता, भाऊसाहेब. पण असू द्या."

ते पुन्हा कारखान्यात आले नाहीत. वहिनी सांगतात, शेवटचे काही महिने ते भिंतीवरून, चादरीवरून, वहिनींच्या हातावरून बोट फिरवत राहायचे आणि दर वेळी विचारायचे, "गुळगुळीत हाय का गं?" मार्चचे हिशेब मी केले तेव्हा ते नव्हते. उलाढाल वाढली होती. यंत्रांच्या यादीतून एक ओळ कमी झाली होती.

त्या व्यवहारात दादांनी शेवटी दिलं ते इतकंच: भंगारवाल्याला दोनशे सेहेचाळीस, माझ्या हातून, आणि मला एक रुपया.