चिखलातली फळी आणि मनालीचा बर्फ

कर्जत तालुक्यात बर्फावरून घसरायच्या तयारीत पाय मोडून घेतलेला पहिला माणूस मी आहे. (दुसरा अजून झालेला नाही. मी अधूनमधून चौकशी करत असतो.) आमच्याकडं बर्फ म्हणजे खोपोलीच्या बाजारात मासळीवर टाकतात तो, नाहीतर गोळेवाला किसतो तो. त्याच्यावर उभं राहून घसरायचं असतं, हे मला मधुकररावांमुळं कळलं.

मधुकरराव म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. रसायनीला कारखान्यात सुपरवायझर. ऐंशीनंतरची गोष्ट, हे गृहस्थ काश्मीरला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी बाहेरच्या खोलीत फोटो टांगला. अंगात भाड्याचा कोट, पायाला दोन लाकडी पट्ट्या, मागं बर्फच बर्फ! नीट बघितलं तर त्यांच्या दोन्ही काखांखाली दोन परके हात दिसायचे. म्हणजे साहेबांना कुणीतरी मागून धरलं होतं. पण नीट बघू कोण देतंय! दर दिवाळीला माझी मेहुणी आमच्या कुसुमला बरोबर त्या फोटोखाली बसवायची आणि फराळाचं ताट पुढं ठेवून विचारायची, "ताई, तू बर्फ बघितलायस का गं?"

पहिल्या दोन दिवाळ्या कुसुम "नाय गं" म्हणून चकली खात राहिली. तिसऱ्या दिवाळीला तिनं चकली खाल्लीच नाही, नुसती हातात धरून बसली. मला ते काही बघवेना.

"बर्फाचं सोडा हो," मधुकरराव वर म्हणाले, "कर्जतच्या माणसाला चिखल झेपतो. बर्फाला पायात दम लागतो, वसंतराव!"

झालं! माझं टाळकं सटकलं. मी ताट बाजूला सारून उभाच राहिलो. "येत्या फेब्रुवारीत आमच्या घरातलं माणूस बर्फावरून घसरून दाखवील! उभ्यानं! कुणी न धरता! फोटो आणून तुमच्या हातात देईन. नाहीतर तुमच्या ह्या फोटोला मी माझ्या हातानं हार घालीन!"

मेहुणीनं पटकन कपाळावरचं कुंकू चाचपलं. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"काय बोलून बसलात?" परतीच्या एसटीत कुसुमनं विचारलं. पण मी बघितलं, ती खिडकीतून बाहेर बघत हळूच हसत होती. तिला बर्फ बघायचाच होता. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात कारकून. चार वर्षांनी एकदा मिळणारी प्रवासाची सवलत शिल्लक होती, ती मनालीसाठी टाकली आणि दुसऱ्याच दिवशी फाईल उघडली. फाईलीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बर्फ'. तिच्यात गाड्यांची वेळापत्रकं, न्यायच्या वस्तूंची यादी आणि त्या यादीत राहून गेलेल्या वस्तूंची वेगळी यादी. वाचनालयातून बर्फावरच्या खेळांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि रोज जेवणानंतर कुसुमला त्याचा मराठीत अर्थ सांगायला लागलो. (अर्धा मलाच लागत नव्हता. तो अर्धा मी जास्त जोरात सांगायचो.) त्यात एक चित्र होतं. एक गोरा माणूस दोन पट्ट्यांवर नाही, तर एकाच रुंद फळीवर आडवा उभा होता आणि त्याचे दोन्ही पाय फळीला वाद्यांनी आवळलेले होते.

"दोन पट्ट्यांवर काय, कुणीबी उभं राहील," मी म्हणालो. "आपण एका फळीवर जायचं. मधुकररावांचं तोंडच बंद!"

आता सराव करायचा कुठं? जानेवारी उजाडला होता. आमच्या गावाला कालव्याचं पाणी मिळतं, त्यामुळं उन्हाळी भाताच्या लावणीसाठी शेतात चिखलणी सुरू होती. नांगरून झालं की चिखल सारखा करायला बैलांच्या मागं एक जाड फळी जोडतात आणि वजनासाठी तिच्यावर माणूस उभा राहतो. माझे वडील, म्हणजे आबा, पन्नास वर्षं तसे उभे राहत आले होते. मी रविवारी बांधावर गेलो तर समोर काय? फळीवर उभे आबा, खाली गुळगुळीत चिखल, आणि स्वारी सूं करून पुढं चाललेली! पुस्तकातलं चित्रच की हे! फक्त गोऱ्या माणसाच्या जागी धोतर.

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, सराव पूर्ण पोशाखात करावा. मी घरी जाऊन दोन स्वेटर, त्यावर कारखान्यातल्या वॉचमनचा ओव्हरकोट, पायात गमबूट, काळा चष्मा आणि डोक्याला लालभडक माकडटोपी असा पूर्ण पोशाख चढवला आणि भर दुपारी बारा वाजता शेतावर हजर झालो. कुसुम आबांची भाकरी घेऊन बांधावर आलीच होती.

"आरं वश्या, तू हायस व्हय!" आबा दचकले. "मला वाटलं, सर्कशीतलं अस्वल सुटलं! आजारी हायस का रं?"

"आबा, तुमी उतरा. मी चढतो."

"तू? तुला चिखलात शेवटचा बघितला तवा तू चौथीत व्हतास!"

मी चढलो, आडवा उभा राहिलो आणि खिशातून सुतळी काढून दोन्ही पाय फळीला आवळून बांधायला लागलो.

कुसुम बांधावरून ओरडली, "अवो, पाय बांधू नका! गुडघं ढिलं सोडा, अंग जरा मागं टाका आन् नजर लांब ठेवा. एवढंच असतं त्यात!"

इथं सांगायला हवं, की कुसुमचं माहेर पोशीरचं. तिला भाऊ नाही. दहाव्या वर्षापासून वडिलांच्या बैलांमागं फळीवर तीच उभी राहायची. पण मी पडलो शिकलेला.

"पुस्तकात पाय बांधलेत," मी म्हणालो.

"पुस्तकात बैल हायत का?"

हा मुद्दा मी विचारात घ्यायला हवा होता.

मी "चला!" म्हणून दणक्यात आरोळी ठोकली. आमचे बैल हरण्या आणि बाळ्या सात वर्षं आबांचा आवाज ऐकत आलेले. हा आवाज कुणाचा, म्हणून दोघांनी एकदम मागं वळून बघितलं. मागं लाल डोक्याचं, काळ्या डोळ्यांचं, केसाळ काहीतरी उभं! दोघांनी शेपट्या वर केल्या आणि जी धूम ठोकली, ती मी जन्मात विसरणार नाही. पहिली दहा पावलं मी उभा होतो. (आबा पाच म्हणतात.) मग अंग एकीकडं गेलं आणि बांधलेले पाय दुसरीकडं राहिले. डाव्या पायात काडकन आवाज झाला आणि मी पाठीवर आडवा होऊन, तोंडात चिखल घेऊन, समोरच्या दगडी बांधाकडं निघालो.

"आबाऽऽ! थांबवाऽऽ!"

आबा धावत होते, पण पासष्टीचा माणूस धावून धावणार किती! तेवढ्यात कुसुमनं पदर खोचला, आडवी धावत आली आणि चालत्या फळीवर उडी मारून चढली. एक पाय फळीवर, दुसरा माझ्या पोटावर. कासरा हातात घेऊन तिनं गुडघे वाकवले आणि "होऽऽ हो हो, बाळ्याऽऽ!" अशी हाक दिली. बांध दोन हातांवर असताना दोन्ही बैल देवळापुढं थांबल्यासारखे शांत उभे राहिले.

आबा धापा टाकत पोचले. "मोडली का गं?"

"व्हय, डावी तंगडी मोडलीय वाटतं," कुसुम म्हणाली.

"तंगडी नव्हं गं! फळी!"

फळी शाबूत होती. माझ्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. मधुकरराव मोसंबी घेऊन भेटायला आले, प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाले, "मग? हार झेंडूचा आणताय का शेवंतीचा?"

मी भिंतीकडं तोंड केलं. फाईल बंद झाली होती, तिकिटं परत करायची बोलणी चालली होती. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलेली कुसुम म्हणाली, "भावजी, ह्यांचा पाय मोडलाय. माझं दोनी पाय जाग्यावर हायत. आमी जाणार."

आणि आम्ही गेलो! दोन गाड्या, एक बस, वाटेत सात हमाल. सामान सगळं कुसुम उचलायची आणि हमाल मला उचलायचे. मनालीच्या वर एक बर्फाचा उतार आहे, तिथं चहाच्या टपरीपाशी एका खुर्चीवर मला रजईत गुंडाळून ठेवलं. कुसुम मात्र थेट बर्फात जाऊन उभी राहिली. मग तिनं ओंजळभर बर्फ उचलून बघितला, हुंगला आणि माझ्याकडं आणून म्हणाली, "रवाच हाय की हो नुसता!"

जरा वर एक गोरा पोरगा एकाच फळीवर घसरत होता. अगदी पुस्तकातला! कुसुमनं लुगड्याचा काचा मारला, वरून भाड्याचा कोट चढवला, गमबूट घातले आणि सरळ त्याच्यापुढं जाऊन फळीवर बोट ठेवलं. "ही आमच्याकडं बी हाय." त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं हसून फळी दिली. पाय बांधायला वाकला तर तिनं त्याला हातानंच मागं सारलं.

मी खुर्चीवरून पुस्तक उघडून ओरडायला लागलो, "कुसुम! पान बावीस! डावा खांदा..."

"ते मिटा हो! मला एवढंच सांगा, बैल कुठं हायत?"

"उतारच बैल हाय असं समज!"

(त्या सबंध सहलीत मी दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला.)

तिनं गुडघे ढिले सोडले, अंग मागं टाकलं, नजर लांब ठेवली, आणि "होऽऽ हो हो!" करत पोशीरची लेक बर्फावरून खाली निघाली! उभ्यानं! कुणी न धरता! एकदा डगमगली, सावरली, आणि शंभरेक पावलांचा तो उतार कापत सरळ टपरीच्या दिशेनं आली. टपरीवाला टाळ्या वाजवत होता, गोरा पोरगा शिट्ट्या मारत होता. माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! ही माझी बायको, असं मला सगळ्या हिमालयाला ओरडून सांगायचं होतं. मी "शाब्बास कुसुमऽऽ!" म्हणून टाळ्या वाजवायला ताडकन उभा राहिलो. मोडक्या पायावर! आणि दुसऱ्या क्षणी रजईसकट बर्फात आडवा झालो. नेमक्या त्याच क्षणी, उताराच्या कडेला उभं राहून कुसुमचा फोटो घेणाऱ्या तिथल्या फोटोवाल्यानं बटण दाबलं.

फोटो मधुकररावांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडं नेऊन परके हात शोधले. नाहीत म्हटल्यावर चष्मा पुसून पुन्हा शोधले. मेहुणीनं तर दुसरी प्रत मागून घेतली आणि नवऱ्याचा फोटो जरा खाली सरकवून वर बहिणीचा टांगला. त्या दसऱ्याला आबांनी हार केला तो आमच्या फळीला. मला तेवढं कुंकू लावायला सांगितलं.

तो फोटो आजही आमच्या ओटीवर आहे. येणारा प्रत्येक माणूस कुसुमला बघून थक्क होतो, आणि मग फोटोतल्या मागच्या कोपऱ्यात बोट दाखवून विचारतोच, "आन् मागं ही गुंडाळी कसली हो पडलीय?"

"ते होय?" कुसुम शांतपणे सांगते. "ते आमचं सामान."

मी आतून चहाचे कप घेऊन येतो आणि माहिती पुरवतो, "जरा जडच व्हतं."