सिंदीच्या जिनिंगवरचा लाल ठिपका

पुण्यातल्या एका गुंतवणूक कंपनीत मी नोकरी करते. कंपनीने ज्या कारखान्यांत, गोदामांत पैसा घातला आहे, त्यांना पुढे पुराचा, उन्हाचा, अवकाळी पावसाचा किती धोका आहे ते तपासायचं, हे माझं काम. नकाशावर धोक्याप्रमाणे रंगीत ठिपके उमटतात. मागच्या वर्षी त्यात सिंदी रेल्वे या गावची एक जिनिंग लाल दिसली. कापसातून सरकी काढायच्या त्याच कारखान्यात बाबांनी उभी हयात घालवली, आणि त्याच्या आवारातल्या चाळीत मी लहानाची मोठी झाले.

पाहणीला गेले तेव्हा बाबांनाही बरोबर नेलं. निवृत्तीनंतर गावात राहूनही ते तिकडे फिरकले नव्हते. चाळीच्या जागी गोदाम झालं होतं. उघड्यावर रचलेले कापसाचे ढीग मात्र तसेच, आणि तापलेल्या सरकीचा तेलकट वासही तोच.

"इथं आपलं घर होतं," बाबा म्हणाले. "त्या दाराजवळ तुही माय पापड वाळू घाले."

मला एक हिवाळ्यातली दुपार आठवली. एकाएकी आभाळ भरून आलं, भोंगा वाजला आणि सगळी चाळ ढिगांकडे धावली. ताडपत्र्या पुरेनात, तशा आईने घरातल्या सतरंज्या आणल्या. शेजारच्या काकू वाऱ्याने उडू पाहणाऱ्या ताडपत्रीवर फतकल मारून बसल्या आणि भिजत हसत सुटल्या. कापूस वाचला. नंतर सगळ्यांना गरम भजी मिळाली. आम्हा पोरांच्या ओल्या केसांना कापूस चिकटला होता.

"आता हा पाऊस दर हंगामात येऊन राह्यला, मॅडम," माझी आठवण ऐकून जिनिंगचे मॅनेजर म्हणाले. "अन धावाले माणसं नाईत."

परतताना बाबांनी विचारलं, "याले लाल रंग काऊन दिला तू?"

"कारखाना वाईट म्हणून नाही, बाबा. पाण्याचा धोका आहे म्हणून."

"मंग तुमची कंपनी इथला पैसा काढून घेते का आता?"

ते माझ्या अहवालावर ठरणार होतं. जिव्हाळा होता म्हणून रंग बदलणं शक्य नव्हतं. ठिपका लालच ठेवला. पण कापसासाठी उंच ओटे आणि पक्कं छत केलं तर धोका बराच घटेल, असंही अहवालात लिहिलं. कंपनीने त्याच अटीवर पैसा राहू दिला.

यंदा कापूस यायच्या आधी छत झालं. परवा तिकडे पाऊस पडल्याचं कळलं, म्हणून बाबांना फोन केला.

"कापूस कोरडा राह्यला म्हणतेत," ते म्हणाले. "तू जेवली का?"