मावल्याच्या तळ्याकाठी पोत्यातली शर्यत

थंडीचे दिवस, मावल्याचं तळं आणि काठावर ओळीनं लागलेले तंबू... मी तेव्हा आठवीत होते. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. आदिलाबाद जिल्ह्यातल्या शाळाशाळांचा स्पर्धांचा कॅम्प होता, पहिल्या येणाऱ्या टीमला ढाल मिळायची आणि नार्नूरकडच्या आमच्या मराठी शाळेतून पहिल्यांदाच मुलींची टीम आली होती.

आली म्हणजे काय, हेडसर तयारच नव्हते. शेवटी आमच्या शिवणाच्या बाई हट्टाला पेटल्या तेव्हा कुठे कबूल झाले, तेही सगळ्या शाळेसमोर अट घालून. "यंदा पोरायसंगं पोरीबी पाठवून पाहून राह्यलो. ढाल जिंकून आणली तं पुढच्या सालीबी जातीन, नाही तं पोरायचीच टीम."

आता मला सांगा, मुलांनी इतक्या वर्षांत कधी ढाल आणली होती? एकदाही नाही! पण अट फक्त आम्हाला... तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

कॅम्पमध्ये मजा मात्र फार आली. दगड-पानांच्या खुणा बघत झाडीत लपवलेलं निशाण शोधायचं, दोरीच्या नाना तऱ्हेच्या गाठी मारायच्या, डोळे बांधून नुसत्या शिट्टीच्या आवाजावर चालायचं. शहरातल्या मुलींच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. आमच्या पायात चपला, त्याही पळताना काढून हातात घ्यायच्या.

बिनभांड्याच्या स्वयंपाकात आम्ही पहिली बाजी मारली. एकही भांडं न वापरता जेवण करून दाखवायचं होतं. बाकीच्या टीम बटाटे भाजत बसल्या. आम्ही पळसाच्या पानांवरच कणीक मळली, पानातच गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पानगे लावले आणि शेजारी वांगी भाजली. परीक्षकांनी पुन्हा मागून खाल्लं हो!

रस्सीखेचीत मात्र सपाटून आपटलो. त्यात आमच्यातली सगळ्यात चपळ मंदा, तिचा पाय मुरगळला. राहिला एकच खेळ, पोत्यातली शर्यत. आमचे आणि आदिलाबादच्या एका टीमचे मार्क अगदी बरोबरीत, आणि आमच्याकडून पळणार होती ती नेमकी मंदाच...

"तूच जाय वं सुमे," मंदा पाय चोळत म्हणाली. "काऊन भेऊन राह्यली? उड्याच तं मारा लागते."

मी जन्मात पोत्यातली शर्यत पळाले नव्हते. पण मागे हटायची सोय कुठे होती? शिरले पोत्यात.

शिट्टी झाली. बाकीच्या चौघी टणाटण उड्या मारत सुटल्या. मीही एक उडी मारली आणि थेट तोंडावर पडले. तोंडात माती, गुडघा सोललेला... उठून बघते तर त्या पार पुढे गेलेल्या. डोळ्यांत पाणीच आलं. पुढच्या वर्षीच्या मुलींचं काय, एवढंच मनात येत होतं.

आणि मग माझ्या पायांनी आपणहून ओळखीचं काम सुरू केलं! आमच्याकडे कापूस वेचून घरी आला की मोठा बोरा, म्हणजे पोतंच, टांगतात आणि तुडवायला आम्हा पोरांना आत सोडतात. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरायचा, कोपऱ्यांत पाय रोवायचे आणि एकेक पाय भराभर दाबत राहायचं. दर हंगामात आम्ही भावंडं घामाघूम होईपर्यंत हेच करायचो. तर माझे पाय गेले पोत्याच्या दोन कोपऱ्यांत, आणि मी तुडवत तुडवत चक्क पळायला लागले.

मागून मंदाचा आरडाओरडा, "अवं, उड्या मार ना! कापूस भरून राह्यली का?"

मला कुठलं ऐकू येतंय! पुढच्या दोघी एकमेकींवर आदळून पडल्या, तिसरी धापा टाकत थांबली आणि चौथीला, आदिलाबादच्या मुलीला, मी रेषेजवळ गाठलं. दोरीला छाती लागली ती आधी माझी!

आम्ही नाचायला लागलो तोच त्या आदिलाबादच्या मुलीचे सर तावातावानं आले. "ये कूदी नहीं, चली है!" निकाल थांबला. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

कॅम्पच्या मुख्य मॅडम तेलुगू होत्या, उंचपुऱ्या आणि भलत्याच कडक. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं. मी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, "मॅडम, हमारे घर कपास ऐसाच दबाते."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या सरांकडे. म्हणाल्या, "बोरे से बाहर नहीं आना, इतनाच बोले थे ना?" मग एक पोतं मागवलं आणि कडक इस्त्रीच्या साडीसकट त्यात शिरल्या! कोपऱ्यांत पाय रोवून तळ्याच्या दिशेनं तुरुतुरु पळत गेल्या आणि तशाच परत आल्या. सगळा कॅम्प टाळ्या वाजवत होता, ते सरसुद्धा हसत होते.

"चाला बागुंदी!" मॅडमना दम लागला होता. फार छान, म्हणाल्या आणि ढाल माझ्या हातात दिली.

गावी परतल्यावर आम्ही ती हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली, घसा खाकरला आणि म्हणाले, "ठीक हाये. पुढच्या साली जाजा."

लंगडती मंदा पटकन बोलून गेली, "सर, पोरायनं यंदाबी नाही आणली. आता त्यायलेबी बंद करता का?"

सगळी ऑफिसखोली हसली. हेडसरही हसले, जरा उशिरानं.

मॅडम, तुम्ही आज कुठे असाल ठाऊक नाही. पण त्या दुपारी तुम्ही पोत्यात शिरलात म्हणून माझ्या मागून माझ्या दोन्ही बहिणी त्या कॅम्पला जाऊन आल्या... आणि निघताना त्यांना कुणी कसलीही अट घातली नाही.