निळीच्या पाण्यामागून

आमच्या सोसायटीच्या कमिटीत बायकांसाठी राखीव जागा होती. पुरुष मंडळींनी ती माझ्या सासूबाईंना दिली, कारण त्या सांगितलं तिथं सही करतात आणि कमी बोलतात असा त्यांचा समज होता. सही त्या करायच्या. बोलण्याविषयी मला कुणी विचारलं असतं तर मी सावध केलं असतं.

ही गृहनिर्माण संस्था बीडहून पालीकडे जाताना लागणाऱ्या एका उतारावर होती. मी आष्टीकडची, लग्न होऊन नुकतीच आलेली. दुष्काळ असा की बिंदुसरेच्या धरणात पोरं क्रिकेट खेळायची. तरी कॉलनीत बांधकामं जोरात होती. घर बांधणाऱ्या प्रत्येकाची एकच ईर्षा, आपलं जोतं शेजाऱ्यापेक्षा एक थर वर पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी आपल्या दारात यायला नको. मग ते कुणाच्या दारात जाणार, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पाऊसच नाही तर पाण्याची वाट कोण बघतो? नव्याकोऱ्या सिमेंटच्या रस्त्याकडेला चुना, रंगाचे डबे, सिमेंटचा राडा, मोटारसायकलींचं काळं तेल, सगळं बिनघोर पडलेलं असायचं.

उताराच्या टोकाला, आमच्या हद्दीबाहेर, एका धनगर कुटुंबाची विहीर होती. भोवतालच्या विहिरी आटल्या तरी तिच्या तळाशी पाणी होतं. नवरा कळप घेऊन लांब चारणीला गेलेला आणि घरी बायको, कोकरं आणि म्हाताऱ्या मेंढ्या. आमचा टँकर आला नाही की आम्ही सगळ्या जणी हंडे घेऊन तिच्याकडे. आधी मेंढरांचं, मग तिचं, उरलं तर आमचं, एवढाच तिचा कायदा. पण तिनं कुणाला रिकाम्या हंड्यानं परत पाठवलं नाही. तिचं मन मोठं होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

एकदा तिथंच पाणी शेंदताना सासूबाईंचा हात थांबला. त्या मान वर करून आमच्या कॉलनीकडे बघत राहिल्या. "पाऊस पडला की ही समदी घाण हितं येणार," त्या म्हणाल्या. धनगरीण रहाटाला हात लावून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला बी तेच वाटतंय आक्का. ही हीर नासली तर मेंढरं इकून उठावं लागंल आमाला."

सासूबाई तडक कमिटीत गेल्या. कॉलनीच्या खालच्या अंगाला सोसायटीची मोकळी जागा होती. तिथं खड्डे खणा, वरून येणारं पाणी त्यांत निवळू द्या, मगच पुढं सोडा, अशी त्यांची मागणी. पण त्या जागेवर चेअरमनसाहेबांना सभागृह बांधायचं होतं. दारावर कोनशिला बसवायची आणि तिच्यावर कुणाचं नाव कोरायचं, तेही ठरलेलं.

"काकू, आधी पाऊस तर पडू द्या. लई घाई करायलात," चेअरमन म्हणाले, आणि सगळे हसले.

"पडल्यावर काय भजी तळायची का?" सासूबाई म्हणाल्या आणि चहा न घेता उठल्या.

त्यानंतर घरात त्यांनी कपडे पिळलेलं पाणी ड्रममध्ये साठवायला सुरुवात केली. त्या पाण्यावर मी एक जास्वंद जगवत होते. ती वाळली, मी धुसफुसले, पण त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सर्वसाधारण सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी तो ड्रम माझ्या नवऱ्याकडून रस्त्याच्या वरच्या टोकाला नेववला, त्यात निळीची अख्खी बाटली रिकामी केली, आणि मांडवात सगळे सभासद जमल्यावर तो आडवा केला.

मांडवात एकच गिल्ला झाला. "ऐन दुष्काळात पाणी ओतायलात? डोकं फिरलं का काकू!" लोक धावले, पण पाणी निघालं होतं. सिमेंटच्या उतारावरून ते सरळ खाली पळत होतं आणि सगळी सभा त्याच्यामागून चालत होती. एकेका उंच जोत्याशी ते वळायचं, तिथला चुना घ्यायचा, पुढं तेल घ्यायचं. निळं पाणी बघता बघता राखाडी झालं, वर तेलाचा तवंग आला. रस्ता संपला तिथं ते धनगरांच्या विहिरीकडे वळलं. विहिरीला कठडा नव्हता. धनगरीण धावत आली आणि दोन्ही हातांनी माती ओढून बांध घालायला लागली. तिच्या शेजारी पहिले कोण गुडघ्यावर बसले असतील तर आमचे चेअरमन, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मग आम्ही सगळेच. पाणी विहिरीच्या अलीकडे थांबलं.

सभागृहाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. दर रविवारी आम्ही त्या मोकळ्या जागेत खणायला जायचो. एक खड्डा गाळ बसायला, दुसरा दगड, खडी आणि वाळू भरलेला, आणि तिथून पाणी ओढ्याकडे काढून दिलेलं. विहिरीभोवती बांध घातला. रस्त्याकडेचा राडा ज्याचा त्यानं उचलायचा, असा ठराव झाला. सासूबाई पाळीनं प्रत्येकाच्या दारात उभ्या राहून राडा उचलवून घ्यायच्या. अशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

पोळा झाल्यावर एका दुपारी आभाळ फाटलं. डोक्यावर पोती घेऊन आम्ही खाली धावलो. पहिला खड्डा काळ्या फेसानं भरत होता, दुसऱ्यातून गढूळ पाणी ओढ्याला लागत होतं. विहिरीत काही उतरलं का, ते मात्र त्या पावसात कळेना.

सकाळी सासूबाई मला घेऊन तिथं गेल्या. बरेच जण आधीच येऊन उभे होते. धनगरणीनं बादली शेंदून दगडी डोणीत ओतली. "वास आला तर मेंढी तोंड लावत न्हाई," ती म्हणाली. एक म्हातारी मेंढी आली, तिनं पाणी हुंगलं, मान वर केली. कुणी हललं नाही. मग तिनं मान खाली घातली आणि प्यायला लागली.

अख्ख्या कमिटीला न घाबरलेल्या माझ्या सासूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"रडता कावून आक्का?" धनगरणीनं दुसरी बादली वर ओढली. "पिली की ती. आता तुमी प्या."

सासूबाईंनी ओंजळ पुढं केली.