गेरू फासलेला बंदुकीचा पट्टा

अमरावतीहून आत्याचा फोन आला आणि बाबांचं जेवणातलं लक्षच उडालं. "मोतीबिंदू काढला, आता बरं दिसून राहिलं. येताना बापाचा पट्टा घेऊन ये, एकदा डोळ्यानं पाहू दे," एवढंच ती म्हणाली होती. पण पट्टा घरात होता कुठे?

माझा आजा मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, फौजेत होता. त्यानं आणलेला बंदुकीचा पट्टा आमच्याकडे दर पोळ्याला बैलाच्या गळ्यात जायचा. दोन्ही टोकांवर घुंगरू शिवलेले, आणि शिंगांसोबत त्यालाही गेरू फासलेला. नापिकीच्या वर्षांत गावोगावच्या बैलजोड्या बाजारात निघाल्या, तशी आमचीही निघाली. बैल विकला तरी गळ्यातलं काढून घरी आणायचं, ही आमची रीत. चांदूर बाजारच्या बैलबाजारात बाबा पट्टा घालून नेलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि पट्टा बैलासोबत गेला. पुढे आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहायला आलो, पण आत्याला हे सांगायची बाबांची छाती झाली नाही. त्यांची आई लवकर गेली म्हणून या थोरल्या बहिणीनंच, त्यांच्या 'बाई'नंच, त्यांना वाढवलं होतं.

"बाई मले दारात उभं करनार नाही," ते म्हणाले. "तुह्या कंप्युटरवर असं सामान भेटते म्हंतात. पाय ना."

पाहिलं. बाप्पा, काय ते पट्टे! सुती, चामड्याचे, फाटके, कोरे, आणि झाडून सगळे म्हणे अस्सल. मला आठवत होता तो तांबडा. म्हणून खाकी सगळे बाजूला सारले, एक तांबूस निवडला आणि त्याचा फोटो जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांच्या गटात टाकला. तिथल्या एका गृहस्थांनी लगेच मोडीत काढला. म्हणाले, हा चहात बुडवून जुना केलाय. त्यावरच्या फौजेच्या शिक्क्याची शाई बघा किती ठसठशीत आहे, खऱ्याची विणीत मुरून पुसट होते. आणि फौजेचा पट्टा तांबडा नसतोच.

माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्या घरात होता, तुम्ही काय मला शिकवता? असं तावातावानं लिहीत असतानाच गेरू आठवला आणि कपाळावर हात मारून घेतला. मग गेरूखाली आमचा पट्टा होता तरी कोणत्या रंगाचा? बाबांना विचारलं.

"तांबडाच," ते म्हणाले.

आता कुणाचं खरं मानायचं? शेवटी त्या गृहस्थांनी पास केलेला खाकी पट्टा मागवला. बाबांनी तो उलटापालटा केला, "हा आपला नाही," म्हणाले आणि बसले वाटीत गेरू कालवायला. ज्या पुसट शिक्क्यासाठी मी डोळे फोडून घेतले, तो माझ्यादेखत गेरूखाली गेला. हा आता खरा की खोटा, मला काही सांगता येईना.

अमरावतीला आत्यानं पट्टा खिडकीपाशी नेला. पितळी टोकं बोटांनी चाचपली.

"हा कोठून आनला?"

"आपलाच हाय, बाई."

"काहून खोटं बोलतं रे?"

बाबांचा चेहरा उतरला. "पट्टा बैलासंगं गेला, बाई. माह्यानं काढनं झालं नाही," ते कसंबसं म्हणाले. आता आत्या भडकणार म्हणून मी चपला शोधू लागलो.

"गेला त गेला," ती म्हणाली. "आपला त वळकटी बांधाचा व्हता. हा तर बंदुकीचा दिसते."

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. आमचाही बंदुकीचाच होता ना?

"बाप लंगरात भाकरी भाजे," आत्या म्हणाली. "त्याच्या हाती बंदूक कोन देते?"

बंदूकवाल्या बापाच्या गोष्टी बाबांनी जन्मभर गावाला सांगितल्या होत्या, आम्हाला तर पाठच होत्या. ते खाटेवर टेकले. "मंग बंदुकीचं मले कोन सांगतलं व्हतं?"

"म्या. तू रोज रडे, बापाले कोनी मारन म्हणून. मंग सांगतलं, त्याच्यापाशी बंदूक हाय, त्याले कोनी मारत नाही."

आत्यानं गेरूनं माखलेला हात बाबांच्या गुडघ्यावर ठेवला.

"मंग? आला ना तो वापस?"