झाड कोणाचं, असं विचारलं तेव्हा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही दाराकडे बघतोय—आता कोण येणार आहे? जंगलातली बंदूकवाली माणसं शरण गेली, काही मेली. धानोऱ्याहून गावापर्यंत डांबरी रस्ता आलाय, टॉवर आलाय, पोलीस चौकीसुद्धा. तरी भीती गेली नाही. फक्त ती कोणाची, हे बदललंय.

मी गावच्या शाळेचा मास्तर. तेव्हा सरकार आमच्याकडे मोबाइलच्या रेंजसारखं होतं—टेकडीवर एका जागी मिळायचं, खाली उतरलं की गायब. पोलीस येऊन विचारायचे, जंगलातल्यांना जेवायला कोण घालतं? पोलीस गेले की बंदूकवाले येऊन विचारायचे, कोण बोललं? तुम्ही काय केलं असतं?—नाही, हा प्रश्न मी मागे घेतो.

टेकडीवरची ती रेंजची जागा गावातल्या मनकूच्या मोहाच्या झाडाखाली होती. आमच्याकडे जंगलातलं मोहाचं झाडही घराण्याचं असतं. हंगामात त्या घरची माणसं झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, फुलं तीच वेचतात. दुसरं कुणी तिथं फिरकत नाही. मी फिरकलो. बंदूकवाले आले की फोन करायचा, असं पोलिसांनी मला दरडावून सांगितलं होतं. मी केला. चकमक झाली, त्यांचे दोघे मेले.

मग उरलेले गावात आले. सगळ्यांना शाळेपुढे बसवलं. झाडाखाली फोनवर बोलणारा माणूस त्यांच्यातल्या कुणीतरी लांबून पाहिला होता, चेहरा दिसला नव्हता. म्होरक्या परगावचा. त्यानं नेमकं मलाच विचारलं, "गुरुजी, ते झाड कोनाचं?"

फोन मी शाळेच्या तांदळाच्या पोत्यात लपवला होता. मी बोललो. "मनकूचं."

यात खोटं काय होतं? झाड त्याचंच होतं ना? इतकी वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो. मनकूनं माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं—त्यानं मला तिथं पाहिलं होतं, माझी खात्री आहे. त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्याला घेऊन गेले. प्रेत रस्त्यावर सापडलं. पोलीस आले ते सगळं उरकल्यावर.

आता गाव नव्यानं उभं राहतंय. नव्या चौकाला मनकूचं नाव द्यायचं ठरलं—पोलिसांना मदत करताना जीव दिलेला माणूस म्हणून. ते कळल्यावर त्याची बायको, रैनीबाई, शाळेत आली. तिला दारात पाहिलं. संपलं, म्हटलं, हिला कळलं.

"गुरुजी, त्याले तं फोन लावता बी येत नोता. थो खरंच सांगे का पोलिसाले?"

मी मान हलवली. हो म्हणून.



"मंग मले काऊन नाई सांगतलं त्यानं? मी का कोनाले सांगनार होती?"

ती नवऱ्यावर रुसून गेली—ज्यानं तिच्यापासून काहीच लपवलं नव्हतं, त्याच्यावर. चौकाच्या कार्यक्रमाला ती आली नाही. भाषण मी केलं.