भिंतीपलीकडची नदी

आई या उन्हाळ्यात गेली. तिच्याविषयी लिहायला बसले की मला चिंचवडची नदीकाठची बाग आधी आठवते.

बाग होण्यापूर्वी तिथे गावाची मोकळी जागा होती आणि एक थोराड लिंब. नागपंचमीला गावातल्या बायका त्याला दोर बांधून झोका घेत. नगरपालिकेने लिंब तोडला, पवनेच्या बाजूने उंच भिंत घातली आणि मुलांसाठी लोखंडी साखळ्यांचे झोपाळे बसवले. मी तेव्हा दुसरीत होते.

वडील कंपनीत लागले म्हणून आम्ही साताऱ्याकडून आलो होतो. माहेरी आईची एकही पंचमी झोक्यावाचून गेली नव्हती. इथे कुणाची ओळख नव्हती, म्हणून दोन कोरड्या गेल्या. तिसऱ्या पंचमीला तिने मला बरोबर घेतले आणि सरळ बाग गाठली.

झोपाळ्यापाशी गावातल्या चार-पाच बायका रखवालदाराशी भांडत होत्या.

"पाटी बघा. ह्यो फकस्त पोरांसाठी हाय," तो म्हणत होता.

"तुजी आई हितंच लिंबाला झोका घ्यायची," एक म्हातारी म्हणाली. "तवा कुटं व्हती पाटी?"

"काकी, साखळी तुटली तर माजी नोकरी जाईल."

"तिनं फांदी मोडली न्हाई, आन आमी लोखंड मोडतोय व्हय!"

बायका हसल्या. तोही हसला, पण साखळी सोडेना. तेव्हा आई पुढे झाली.

"दादा, काल भावाचा उपास धरला. इथे मला भाऊ नाही. तुमच्याच नावाने धरला असं समजा."

त्याने तिच्याकडे पाहिले आणि साखळी सोडली. "एकेकीनंच चढायचं," एवढे मात्र बजावले.

आईने पदर खोचला, पाटावर उभी राहिली आणि गुडघ्यांनी झोका चढवत नेला. तिचे डोके भिंतीच्या वर गेले.

"अगं बाई, नदी दिसतेय! पाणी घाटाच्या पायऱ्या चढलंय!"

भिंत झाल्यापासून बागेतून कुणाला नदी दिसली नव्हती.

"उतर की गं, मला बघू दे!" बायकांची घाई उडाली.

एकेक करून सगळ्या चढल्या. राहिली ती म्हातारी. तिच्याने उभे राहवत नव्हते आणि बसून झोका चढवायचे बळ पायांत नव्हते. आईने तिला पाटावर बसवले, तिच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून स्वतः उभी राहिली. रखवालदाराने तोंड दुसरीकडे फिरवले. म्हातारीला नदी दिसेपर्यंत आई झोका चढवत राहिली.